पहिल्या घोटाला मान वळते

१

शनिवारी अकराच्या सुमाराला गोडलीव्ह पुढचं दार उघडायची. त्याआधी पेले पुसून उलटे मांडायचे, पाव कापायचा, पावावर मऊ पांढरं चीज, वर मुळ्याच्या चकत्या आणि चिमूटभर मीठ. लांबिक ही इथली जुन्या चालीची बिअर आंबट असते, तिच्यासोबत तेवढं लागतंच. मग माणसं यायची. कोणी ब्रुसेल्सहून बसने, कोणी सायकली दामटत. जुन्या चालीच्या बिअरच्या शोधात गावोगाव हिंडणारी माणसं. एक घोट घेतला की वही काढणार आणि काहीतरी लिहिणार. गोडलीव्हला त्यांचं हसू यायचं आणि मनातून बरंही वाटायचं.

एप्रिलमधल्या त्या शनिवारी पाचजण होते. डेन्मार्कचं एक जोडपं, गेंटचे एक निवृत्त मास्तर आणि दोन इटालियन बहिणी. एकमेकांना न ओळखणारे, एकाच लांब बाकावर बसलेले. गोडलीव्हने दगडी सुरईतून पाचही पेले भरले.

"घ्या. पाच महिन्यांची आहे, अजून कोवळी आहे. नावं ठेवू नका."

पाचांनी पेले ओठांना लावले. पहिला घोट गिळला आणि पाचांच्याही माना एकदम वळल्या. उजवीकडे, वर. कपाटाच्या डोक्यावरच्या छताच्या कोपऱ्याकडे.

क्षणभरच. मग सगळे आपापल्या पेल्यांकडे परतले.

"वर कोणी राहतं का?" डॅनिश बाईने विचारलं.

"नाही. का हो?"

"काही नाही. वाटलं, कोणी हाक मारली."

"कोणाला?"

"मला," ती बाई म्हणाली, आणि त्याच वेळी मास्तरही म्हणाले, "मला." मग सगळेच हसले. मास्तर वही काढत म्हणाले, "वा, बाई! तुमची बिअर नाव घेऊन बोलावते. हे लिहिलंच पाहिजे."

सगळे गेल्यावर गोडलीव्ह त्या बाकावर बसली आणि कोपऱ्याकडे बघत राहिली. पांढरा चुना, ओलीचा एक जुना डाग. त्याच्या वर माळा, आणि माळ्यावर तांब्याची परात. दुसरं काहीच नव्हतं.

२

त्या परातीवरच घराण्याच्या चार पिढ्या जगल्या होत्या. खोलीभर पसरलेली, गुडघ्याएवढी खोल. हिवाळ्यात जव-गव्हाचा उकळता काढा तिच्यात ओतायचा, माळ्याच्या झडपा उघडायच्या आणि रात्रभर निवत ठेवायचा. यीस्ट म्हणून काही घालायचं नाही. विरजण लागतं ते हवेतून, छपराच्या लाकडातून, कोळिष्टकांतून, आपोआप. म्हणून माळा कधी झाडायचा नाही, कोळी मारायचा नाही, कौल फुटलं तरी त्याच्या जागी जुनंच कौल बसवायचं. गोडलीव्हच्या वडिलांनी, ऑक्टाफनी, ती लहान असताना तिला आधी प्रार्थना शिकवली की आधी हे, ते तिला आठवत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत वादळाने छप्पर नेलं आणि तळघरात पाणी शिरून जुनी पिंपंही नासली. ऑक्टाफ म्हणाले होते, "मळ्यात पडलेली कौलं वेचून आण. लाकूड धुऊ नकोस." गोडलीव्हने ऐकलं नाही. गळक्या छपराखाली तिने अख्खं आयुष्य काढलं होतं. तिने नवं छप्पर घातलं, आतून गुळगुळीत पांढरं. जुनी कौलं आणि तुळया खड्ड्यात भरून टाकल्या.

त्यानंतर काढा निवला, पिंपांत गेला आणि तसाच राहिला. ना फेस, ना आवाज. पिंपाला कान लावला तर नुसतं लाकूड. दुसऱ्या हिवाळ्यातही तेच. दोन्ही हिवाळ्यांची बिअर गटारात गेली. ऑक्टाफचं हृदय आधीच थकलं होतं, त्या वर्षी ते अंथरुणाला खिळले आणि मग त्यांना हाल शहरातल्या वृद्धनिवासात ठेवावं लागलं. तिथे ती दर रविवारी जायची. त्यांचं एकच विचारणं असायचं, "बोलतायत का पिंपं?"

"नाही, पपा."

"बरं." एवढंच म्हणून ते भिंतीकडे तोंड करायचे. ते 'बरं' ऐकण्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं, असं तिला वाटायचं.

मग ऑक्टोबरात फिरमेन आला. गावातला सुतार, सत्तरी ओलांडलेला, ऑक्टाफचा पत्त्यांतला भिडू. लेनिकच्या वाटेवरचं एक जुनं घर पाडत होते. चाळीस-पन्नास वर्षं बंद असलेलं.

"वरच्या मजल्यावर एक छोटी खोली आहे, पोरी. चारी बाजूंनी ओकच्या फळ्या. कधी रंग नाही, कधी पॉलिश नाही. वास घेऊन बघ."

त्याने सोबत आणलेल्या फळीला तिने नाक लावलं. धूळ, जुनं गवत, दूध, आणि खाली कुठेतरी ओलसर लोखंड. तिचे डोळे भरून आले. आपल्या माळ्याचा वास अगदी असा नव्हता, पण हा वास जिवंत होता.

"सगळ्या आणा," ती म्हणाली.

परातीवरच्या छताला फळ्या ठोकताना एका फळीपाशी फिरमेन थांबला. तिच्यावर पेन्सिलीच्या रेघा होत्या, मुलांची उंची मोजताना मारतात तशा.

"हे बघ. पोरगं वाढतं तशी रेघ वर सरकायला हवी ना?"

रेघा सगळ्या एकाच उंचीवर होत्या. कमरेएवढ्या. एकीवर एक, एकीवर एक, इतक्या वेळा की लाकडात बोटाचं टोक जाईल अशी खाच पडली होती.

"कोणाची तरी गंमत असेल," गोडलीव्ह म्हणाली. "ठोका तुम्ही."

३

डिसेंबरात पिंपं बोलली. आधी एक, मग तीन, मग अख्खं तळघर. बुचांतून पांढरा फेस उतू जायला लागला. गोडलीव्ह ओल्या फरशीवर बसून रडली. जानेवारीत तिने पिंपाला छिद्र पाडून पहिला पेला काढला. पहिल्या घोटालाच तिने वर पाहिलं होतं, हे तिला आता एप्रिलमध्ये आठवलं. तेव्हा वाटलं होतं, फिरमेन माळ्यावर आला असेल. फिरमेन त्या दिवशी गावातच नव्हता.

पुढच्या शनिवारी तिने मुद्दाम बाक फिरवून ठेवला. लोक आता कपाटाकडे पाठ करून बसले. सातजण. पहिल्या घोटाला सातही माना मागे वळल्या. वर, त्याच कोपऱ्याकडे.

तिने स्वतःला समजावलं. आंबट घोट घशाला झोंबतो, शीर ताणली जाते, मान वळते. उजवीकडेच का? माणसं उजव्या हाताने पितात म्हणून. हे तिला पटलं. सोमवारपर्यंत पटून राहिलं.

सोमवारी बेर्सेलहून मरिएटचा फोन आला. मरिएटचं तिथे कॅफे होतं आणि फेब्रुवारीपासून ती गोडलीव्हची लांबिक ठेवत होती.

"काय गं, काय घालतेस बिअरमध्ये?"

"का? बिघडली का?"

"बिघडतेय कसली, लोक वेड्यासारखे पितायत. पण पहिल्या घोटाला सगळे माझ्या गल्ल्यामागच्या भिंतीकडे बघतात. रोज. माझा नवरा म्हणतो, तुझ्याकडे बघतात म्हणून फार हवेत जाऊ नकोस." मरिएट हसली. "पण खरं सांगू? मी मोकळ्या खोलीत एकटीने पिऊन बघितली. मीही बघितलं."

"कुठल्या दिशेला?"

"दिशा काय सांगू? भिंतीमागे रस्ता, रस्त्यापलीकडे मळे." मग म्हणाली, "तुझ्याकडेच म्हण ना. तुझं गाव त्याच बाजूला आहे."

गोडलीव्ह फोन ठेवून माळ्यावर गेली. दुपारचं ऊन झडपांतून पट्ट्यापट्ट्यांनी परातीवर पडलं होतं. तांबं कोरडं, स्वच्छ. फळ्या जागच्या जागी. ती बराच वेळ श्वास रोखून उभी राहिली. कुठे काही हललं नाही. उतरताना तिच्या लक्षात आलं, की आपण माळ्याला पाठ न दाखवता, उलट्या पावलांनी उतरतोय.

४

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी कोणीच कोपऱ्याकडे पाहिलं नाही.

गोडलीव्हला इतकं हलकं वाटलं की तिने सगळ्यांना दुसरा पेला फुकट दिला. मग तिने नीट पाहिलं. एक नवा माणूस आला, त्याने घोट घेतला आणि त्याची मान डावीकडे वळली. जिन्याकडे. जिन्याच्या मधल्या पायऱ्यांकडे.

त्याच्या पुढच्या शनिवारी सगळे जिन्याच्या तळाकडे बघत होते. नजरही खाली आली होती. आता ते उभ्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते, त्याहून बरंच खाली.

तिने फिरमेनला बोलावलं. बुधवारची सकाळ होती. स्वयंपाकघरात ती टेबलाच्या एका बाजूला बसली, तो समोर. तिने काही सांगितलं नाही, फक्त पेला पुढे केला.

"सकाळी सकाळी? तुझ्या बापानं शिकवलंय तुला बरोबर." त्याने घोट घेतला.

त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली आणि खाली, तिच्या खुर्चीच्या पाठीशी येऊन थांबली. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला फिरमेन निघून गेला.

"काय दिसतंय?"

"दिसत नाही काही."

"मग?"

"दिसत नाही म्हणतोय ना!" त्याने पेला इतका हळू ठेवला की आवाजही झाला नाही. "हाक आली. माझ्या आईनं मारावी तशी. पण आवाज आईचा नव्हता. पोरी, ही बिअर मला परत देऊ नकोस. कोणालाच देऊ नकोस."

"आणि पपांना काय सांगू?"

फिरमेन टोपी हातात फिरवत राहिला. "ते तू ठरव," म्हणाला आणि मागच्या दाराने गेला. मागचं दार तिच्या खुर्चीपासून लांब होतं. पुढचं जवळ होतं.

दुपारी त्यानेच येऊन फळ्या उचकटल्या आणि मळ्यात जाळल्या. गोडलीव्हने पिंपं गटारात रिकामी केली. मरिएटला फोन करून उरलेली बिअर फेकायला सांगितली. कारण विचारल्यावर म्हणाली, नासली. पिंप आडवं करता करता तिने एक बाटली मात्र भरून घेतली. बूच ठोकलं, तारेने आवळलं. गाठ पक्की बसली.

संध्याकाळी तिने त्यातला एक चमचा घेतला. मान वळली. मागे, खाली. अगदी जवळ.

५

शुक्रवारी वृद्धनिवासातून सिस्का नावाच्या नर्सचा फोन आला.

"ऑक्टाफ काल दिवसभर जेवले नाहीत. डॉक्टर म्हणतात, आता दिवसांचा हिशोब. ते एकच मागतायत, आपली बिअर. आम्ही दुकानातली आणून दिली तर नुसता वास घेतला आणि पेला परत केला. म्हणाले, 'ही दुसऱ्याच्या माळ्यावरची.'"

गोडलीव्ह बाटलीसमोर तासभर बसून राहिली. दोन वर्षं ते 'बरं' ऐकून ती झिजली होती. हे छप्पर तिने घातलं होतं, कौलं तिने पुरली होती. आणि आता तिच्याकडे तेच होतं जे त्यांना हवं होतं, एका बाटलीत. शेवटी तिने चमचाभर पिऊन पाहिलं. मान चुलीकडे वळली. तिथे आहे तर. ती उठली, बाटली छातीशी धरली, सरळ चालत बाहेर गेली, गाडीत बसली आणि मागे न बघता निघाली. हालपर्यंत तिने खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. राहिलं मागे, ती पुन्हा पुन्हा मोठ्याने म्हणत होती. घरी राहिलं.

ऑक्टाफची खोली दुसऱ्या मजल्यावर होती, उन्हाची. पलंगाच्या उशाशी खिडकी, आणि त्या खिडकीबाहेर दूर, गावाची दिशा. गोडलीव्ह पायथ्याशी खुर्ची घेऊन बसली. मनात नेमकं होतं: प्यायले की ते मागे वळतील, खिडकीकडे, गावाकडे. वळू देत. थकलेल्या मानेला त्रास होईल, तेवढाच.

"पपा, पिंपं बोलली."

म्हाताऱ्याने डोळे उघडले. तिने पेला त्यांच्या ओठांशी धरला. त्यांनी आधी वास घेतला, बराच वेळ. मग घोट.

ती खिडकीकडे बघत होती. त्यांची मान वळायची वाट बघत होती.

मान वळली नाही. ऑक्टाफ समोर बघत होते. तिच्याकडे, नाही, तिच्या उजव्या हाताशी, खुर्चीच्या कडेला, कमरेएवढ्या उंचीवर.

आणि त्यांचा चेहरा उजळला. दोन वर्षांत तिने तो असा पाहिला नव्हता.

"हीच," ते म्हणाले. "हीच गं माझी पोर. जमलं तुला."

"पपा, कुठे बघताय?"

"अगं, पण एवढ्या गारठ्यात आणलंस? पायांत काही नाही त्याच्या." त्यांनी कष्टाने पाय आखडून घेतले आणि पलंगाच्या कडेला जागा केली. चादरीवर तळहाताने थापटलं. "ये. बस. उभं का?"

तिने ते पाहिलं. चादर ताठ होती, कोपरे घट्ट खोचलेले. थापटल्या जागी ती हळूहळू दबली, मांजर बसावं तेवढी, आणि दबलेलीच राहिली.

औषधं, तिला वाटलं. त्यांना औषधं चालू आहेत, माझी झोप झालेली नाही, गादी जुनी आहे. ती बाटली घेऊन उठली तेव्हा खुर्ची पडली. "पपा, मी निघते. उद्या येते."

"जा जा," ऑक्टाफ म्हणाले. तिच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. "आम्ही बसतो."

६

घरी येताच तिने दार लावलं नाही, कोट काढला नाही. चमचाभर ओतली आणि प्यायली. मान वळली ती खिडकीकडे. दूर, हालच्या दिशेला.

तिकडे राहिलं होतं.

परत जायला पंचवीस मिनिटं पुरली असती. बूट पायात होते, किल्ली हातात होती. ती किल्ली हातात धरून उभी राहिली आणि मग तिने ती खुंटीला अडकवली. त्या रात्री ती लहान मुलासारखी गाढ झोपली. शनिवारी तिने पुढचं दार उघडलं नाही, बाहेर चिठ्ठी लावली. पुन्हा चमचाभर: हाल. रविवारी ती भेटायला गेली नाही. फोन करून सर्दी झालीय म्हणाली. सिस्का म्हणाली, "काळजी करू नका, ते अगदी मजेत आहेत. दिवसभर बोलत असतात."

"कोणाशी?"

"शेवटी शेवटी बोलतात तसे लोक," सिस्का म्हणाली. "पलंगाच्या कडेशी."

सोमवारी पहाटे ऑक्टाफ गेले. हसऱ्या चेहऱ्याने गेले, असं सगळे सांगत होते, आणि गोडलीव्हला ते ऐकताना कानांवर हात ठेवावेसे वाटत होते. मी त्यांना एकटं टाकलं नाही, ती मनात म्हणायची. मग तिला कळायचं की खरंच तसं आहे, ते एकटे नव्हतेच.

गुरुवारी गावच्या चर्चमध्ये सगळं झालं. कबरीवर माती पडली. नंतर सभागृहात कॉफी, हॅमचे पाव, फळांचे केक. अर्धं गाव जमलेलं. गोडलीव्ह हस्तांदोलनं करत होती, "फार चांगले होते" ऐकत होती, आणि तिच्या डोक्यात एकच घण पडत होता: आता ते कुठे आहे? त्या खोलीत? त्या खोलीत दुसरं कोणी म्हातारं माणूस आलं असेल. की मातीखाली, पपांशेजारी?

ती कोणाला न सांगता निघाली. रस्त्याने जवळजवळ धावत घरी आली. बाटलीत तळाशी गाळासकट एक घोट उरला होता. तिने पेलाही घेतला नाही. स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून बाटलीच तोंडाला लावली.

गिळलं.

मान डावीकडे वळली नाही. उजवीकडे नाही. मागे नाही. खिडकीकडे नाही.

ती हळूच खाली झुकली, हनुवटी छातीला लागेपर्यंत. तिच्या काळ्या स्कर्टकडे. मांडीकडे.

मांडीवर काही नव्हतं. वजन नव्हतं. फक्त कापडाच्या चुण्या, ज्या आत्तापर्यंत सरळ होत्या, त्या दबून एका बाजूला वळल्या होत्या; आणि तिच्या पोटाशी, ब्लाउजमधून, थोडंसं ऊबदार असं काहीतरी संथपणे वरखाली होत होतं.

तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि तिथेच राहू दिले.

किती वेळ गेला कोण जाणे. भिंतीवरचं ऊन कपाटापर्यंत सरकलं. पुढच्या दारात फिरमेन येऊन उभा राहिला, काळ्या कोटात, टोपी हातात.

"अगं, इथे काय बसलीस? तिकडे लोक खोळंबलेत, पाद्री तीनदा विचारून गेला. चल, ऊठ."

गोडलीव्हने मान वर केली नाही. फक्त ओठ हलवले.

"हळू बोला, फिरमेन," ती म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते खाली पडू नये म्हणून ती हनुवटीशी हाताच्या पाठीने टिपत होती. "आत्ता कुठे झोपलंय."

फिरमेन एक पाऊल पुढे आला. तिच्या मांडीकडे त्याने एकदा पाहिलं. मग तिथेच वाकून त्याने बूट काढले, ते हातात घेतले, आणि मागे सरत, आवाज होऊ न देता, बाहेरून दार ओढून घेतलं.